हिमवृष्टीतील विमान-भूसुरक्षा

हिमवृष्टीतील विमान-भूसुरक्षा : हिमवृष्टी, गोठणारा पाऊस किंवा हिमतुषार यांच्या काळात विमानतळावर उभे असलेले, टॅक्सी करणारे (म्हणजे चाकांवर जमिनीवरून सरकणारे) व उड्डाणासाठी धावणारे विमान सुरक्षित राखण्याचे उपाय. यात दोन वेगळे प्रश्न येतात : विमानाच्या अंगावर साचणारा बर्फ आणि धावपट्टीवर साचणारा बर्फ.

पंखावरील बर्फाचे वजन सहसा दुय्यम असते. खरा धोका पृष्ठभाग खडबडीत होण्यात आहे. मध्यम दाण्याच्या सँडपेपरइतका खरखरीत थरही उत्थापक बल (विमान वर उचलणारे बल) ३० टक्क्यांपर्यंत घटवतो व ओढ (हवेचा विरोध) ४० टक्क्यांपर्यंत वाढवतो, असे वैमानिकांसाठीच्या मार्गदर्शिका सांगतात. पंखाच्या आकारानुसार हे प्रमाण बदलते. बर्फ वरूनच पडावा लागतो असेही नाही. उंचावरून परतलेल्या विमानाच्या टाक्यांतील अतिथंड इंधनामुळे पंखाच्या वरच्या बाजूस पारदर्शक, नजरेस चटकन न येणारा बर्फ जमतो. २७ डिसेंबर १९९१ रोजी स्टॉकहोमहून निघालेल्या एमडी-८१ विमानाच्या पंखावरून असाच बर्फ सुटून शेपटीजवळच्या दोन्ही इंजिनांत शिरला आणि दोन्ही बंद पडली. गॉत्रोरा येथे विमान शेतात उतरवावे लागले. सर्व १२९ जण बचावले.

म्यूनिकचा वाद : पंखावरील बर्फ की धावपट्टीवरील, या प्रश्नावर सर्वाधिक लिखाण झाले ते ६ फेब्रुवारी १९५८ च्या म्यूनिक अपघातासंबंधी. ब्रिटिश युरोपियन एअरवेजचे एअरस्पीड अँबॅसडर विमान उड्डाणाच्या तिसऱ्या प्रयत्नात धावपट्टीपलीकडे गेले. आधीचे दोन प्रयत्न इंजिनाच्या दाबातील चढउतारामुळे सोडून दिले होते. एकूण २३ जण दगावले; त्यांत मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल संघाचे आठ खेळाडू होते. पश्चिम जर्मन चौकशीने पंखावरील बर्फ हे निर्णायक कारण ठरवले व ओघाने विमानाचे कॅप्टन जेम्स थेन यांच्यावर दोष आला. मात्र वेग सुमारे ११७ नॉटपर्यंत (ताशी सागरी मैल) चढून पुढे १०५ पर्यंत उतरला, ही नोंद केवळ पंखावरील बर्फाने नीट उलगडत नाही. चाके जमिनीवर असताना वेग असा घटण्यास चाकांना होणारा विरोध हेच अधिक पटणारे कारण आहे. स्लश, म्हणजे पाण्याने भिजलेला अर्धवट वितळलेला बर्फ, नेमका असा विरोध करतो व वेगाबरोबर तो झपाट्याने वाढतो. १९६० च्या दशकातील चाचण्यांनंतर हा परिणाम मोजता येऊ लागला. जर्मन अधिकाऱ्यांनी फेरचौकशीतही पंखावरील बर्फाचा निष्कर्ष सोडला नाही. १९६९ मध्ये ब्रिटिश आयोगाने स्लश हेच कारण धरून थेन यांना दोषमुक्त केले. पंखावरील बर्फाचा वाटा त्या आयोगाने पूर्णपणे नाकारला नाही, संभवनीयही मानला नाही. उपलब्ध पुराव्याशी हे मत अधिक जुळते.

डी-आयसिंग व अँटी-आयसिंग : साचलेला बर्फ काढणे ही पहिली पायरी, तो पुन्हा साचू न देणे ही दुसरी. पहिलीसाठी प्रकार १ चा पातळ, नारिंगी, गरम ग्लायकॉल-द्रव (गोठणबिंदू उतरवणारा द्रव) फवारतात. नोझलपाशी तो किमान ६०° से. असावा लागतो. दुसरीसाठी प्रकार २ किंवा ४ चे घट्ट द्रव वापरतात. प्रकार ४ हिरवा असतो. हा थर पंखाला चिकटून राहतो आणि उड्डाणाच्या वेगात वाऱ्याने घसरून जातो. त्याचे संरक्षण किती वेळ टिकेल याचा अंदाज म्हणजे होल्डओव्हर टाइम. शेवटची फवारणी सुरू झाल्या क्षणापासून तो मोजतात. तापमान व वृष्टीच्या तीव्रतेनुसार तो काही मिनिटे ते तासाहून अधिक असतो. जोरदार गोठणाऱ्या पावसासाठी असा काळ दिलेलाच नाही.

सध्याची शिस्त मुख्यतः तीन अपघातांनंतर घट्ट झाली. १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनहून निघालेले एअर फ्लोरिडाचे बोइंग ७३७ पुलावर आदळून पोटोमॅक नदीत पडले व ७८ जण मृत्युमुखी पडले. तेथे इंजिनांची बर्फरोधक यंत्रणा बंद होती, त्यामुळे दाबमापक नळ्या गोठून इंजिनांची शक्ती प्रत्यक्षाहून जास्त दिसत होती. १९८९ मध्ये कॅनडातील ड्रायडन येथे सहायक वीज-एकक नादुरुस्त व तळावर इंजिन सुरू करण्याचे साधन नाही, म्हणून एक इंजिन चालूच ठेवले गेले; चालत्या इंजिनानिशी डी-आयसिंग वर्ज्य असल्याने ते झालेच नाही. विमान कोसळून २४ जण दगावले. न्या. व्हर्जिल मोशान्स्की यांच्या आयोगाने वैमानिकापलीकडे जाऊन विमान कंपनी व नियामक यांच्या कारभाराची झडती घेतली. मार्च १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियावर डी-आयसिंगनंतर सुमारे ३५ मिनिटांनी उड्डाण करणारे एफ-२८ विमान कोसळून २७ जण मरण पावले. त्याच वर्षी अमेरिकेत होल्डओव्हरविषयक नियम आले.

धावपट्टी : नांगर, झाडूयंत्रे व हिमफेके यांनी बर्फ हटवतात. मीठ धातू गंजवते म्हणून टाळतात. पोटॅशियम ॲसिटेट व फॉर्मेट वापरतात, मात्र त्यांनी कार्बन ब्रेकचे ऑक्सिडीकरण वाढते. पृष्ठभागाची स्थिती ० ते ६ अशा संकेतांकाने कळवण्याची आयकाओची (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची) पद्धत नोव्हेंबर २०२१ पासून लागू आहे. वाहून जाणारे ग्लायकॉल पाण्यातील ऑक्सिजन खात असल्याने मोठे तळ ते ठरावीक फरशीवर गोळा करतात.