माग्लुआर: सहा वर्षांचा राष्ट्राध्यक्ष, सहा दिवसांचा हुकूमशहा

हैतीच्या राजकारणाची आपली ओळख बहुधा डुव्हालिए या हुकूमशहा बापलेकांपासून सुरू होते. काळा सूट, जाड चष्मा, रात्री दार ठोठावणारी टोंटन मकूट ही त्यांची सशस्त्र टोळी. त्यांच्या आधीची सहा वर्षं त्याच राजवाड्यात एक उंचापुरा, मेजवान्यांचा शौकीन जनरल राहत होता, हे सहसा कुणाच्या लक्षात नसतं. पॉल माग्लुआर त्याचं नाव. 1950 ते 1956 ही त्याची कारकीर्द. तो फार क्रूर नव्हता आणि फार कर्तबगारही नव्हता. तरीही तो कसा वर आला आणि कसा पडला हे समजल्याशिवाय पापा डॉकचा, म्हणजे थोरल्या डुव्हालिएचा, उदय नीट कळत नाही.

सुरुवात 1915 पासून करावी लागते. त्याआधी हैतीत सत्ता बदलायची एक ठरलेली रीत होती. उत्तरेतला एखादा जनरल शेतकऱ्यांची फौज जमवायचा, राजधानीवर चालून यायचा आणि राष्ट्राध्यक्ष बोटीत बसून निघून जायचा. 1911 ते 1915 या चार वर्षांत अशा अर्धा डझन राजवटी आल्या आणि गेल्या. शेवटचा राष्ट्राध्यक्ष विल्ब्रूँ गियोम साम याला जमावाने फ्रेंच वकिलातीतून ओढून काढून ठार मारलं. त्याच दिवशी, 28 जुलै 1915 ला, अमेरिकी मरीन सैनिक राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये उतरले. त्यांचा मुक्काम पडला तो 1934 पर्यंत.

अमेरिकनांनी जुनं लष्कर मोडलं, खेड्यांतल्या बंदुका काढून घेतल्या आणि आपल्या पद्धतीची नवी फौज उभी केली. पुढे तिला ‘गार्द द’हाईती’ म्हणू लागले. ही फौज राजकारणापासून दूर राहील, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. घडलं वेगळंच. आता उत्तरेतून कुणी चालून येऊ शकत नव्हतं, कारण हत्यारं, टेलिफोन, पगाराचं कोठार सगळं राजधानीत एकवटलेलं. त्यामुळे राजवाड्यामागची देसालीन बराक आणि राजवाड्याचा पहारा ज्याच्या हाती, देशाची किल्लीही त्याच्याच हाती.

माग्लुआर या दोन्ही युगांच्या सांध्यावर उभा होता. 1907 मध्ये उत्तरेतल्या काप-आइसिएं शहराजवळच्या कार्तिए-मोरँ गावी त्याचा जन्म झाला. बाप युजेन हा जुन्या पठडीतला जनरल. मुलाने काही काळ शाळेत शिकवलं, 1930 च्या सुमारास अमेरिकनांच्या लष्करी अकादमीत प्रवेश घेतला, नोकरी करता करता वकिलीची पदवीही मिळवली. 1944 मध्ये तो राजधानीचा पोलीसप्रमुख झाला आणि 1946 उजाडलं तेव्हा मेजरच्या हुद्द्यावर राजवाड्याच्या पहाऱ्याचा प्रमुख होता.

त्या वर्षी जानेवारीत त्याला पहिली संधी मिळाली. राष्ट्राध्यक्ष एली लेस्को याने दुसऱ्या महायुद्धाचं निमित्त करून स्वतःची मुदत वाढवून घेतली होती. मिश्रवर्णीय उच्चवर्गाच्या या राजवटीला कृष्णवर्णीय मध्यमवर्ग विटला होता. ‘ला रुश’ नावाचं विद्यार्थ्यांचं एक छोटं पत्र सरकारने बंद केलं. चालवणाऱ्यांत रने दपेस्त्र, जाक स्तेफान आलेक्सी अशी पुढे साहित्यात नाव काढलेली विशी-बाविशीची मुलं होती. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, पाठोपाठ नोकरदार, मग दुकानदार. 11 जानेवारीला तीन अधिकाऱ्यांनी लेस्कोला बाजूला केलं: कर्नल फ्रँक लाव्हो, अँतवान लव्हेल्त आणि मेजर माग्लुआर. राजवाड्याचा पहारा माग्लुआरच्या हातात होता.

ऑगस्टमध्ये विधिमंडळाने द्युमारसे एस्तिमे याला राष्ट्राध्यक्ष निवडलं. 1915 नंतर त्या खुर्चीवर बसलेला हा पहिला कृष्णवर्णीय माणूस. त्याने कृष्णवर्णीय मध्यमवर्गासाठी सरकारी नोकऱ्यांची दारं उघडली, अमेरिकेचं जुनं कर्ज फेडलं आणि राजधानीच्या द्विशताब्दीनिमित्त 1949 मध्ये समुद्रकिनारी मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरवलं. प्रदर्शनाचा खर्च तिजोरीला झेपला नाही. त्यात एस्तिमेलाही तोच जुना रोग जडला: राज्यघटनेची मनाई असताना पुन्हा राष्ट्राध्यक्ष होण्याची हाव. सिनेटने नकार दिला, तेव्हा त्याच्या समर्थकांच्या जमावाने सिनेटमध्ये घुसून मोडतोड केली. 10 मे 1950 ला त्याच तिघा अधिकाऱ्यांनी त्याला पायउतार केलं. चार वर्षांत दोन राष्ट्राध्यक्ष घालवले, आणि दोन्ही वेळा कारण एकच दिलं: गडी ठरल्या मुदतीपेक्षा जास्त बसायला बघतोय.

या वेळी माग्लुआर मागे राहिला नाही. लष्करी मंडळातून राजीनामा देऊन तो उमेदवार झाला. सगळ्या प्रौढ पुरुषांना राष्ट्राध्यक्ष थेट निवडण्याचा हक्क देणारी देशातली ही पहिलीच निवडणूक. ऑक्टोबरमध्ये मतदान झालं, समोर फेनेलाँ आल्फाँस हा नावापुरता प्रतिस्पर्धी, आणि माग्लुआरला पडली 99 टक्के मतं. लोकशाहीची अशी सुरुवात बघून हसावं की रडावं कळत नाही. नव्या राज्यघटनेने स्त्रियांचा मताधिकारही मान्य केला, पण त्यांना प्रत्यक्ष मत द्यायला 1957 पर्यंत थांबावं लागलं. 6 डिसेंबर 1950 ला माग्लुआरचा शपथविधी झाला. ही तारीख पुढे उपयोगी पडणार आहे.

पहिली तीन-चार वर्षं त्याला नशिबाने भरभरून दिलं. जगभर कॉफीचे भाव चढले होते आणि हैतीची निर्यात मुख्यतः कॉफीचीच. अमेरिकी पर्यटकांची रीघ लागली, हॉटेलं उभी राहिली. त्याचं खरं कसब मात्र वेगळं होतं. कृष्णवर्णीय लष्करी अधिकारी, मिश्रवर्णीय व्यापारी, कॅथलिक चर्च आणि अमेरिकी वकिलात, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी ही मंडळी त्याने एका पंगतीला बसवली. प्रत्येकाच्या पानात काही ना काही वाढलं. पंगतीबाहेर राहिला तो शेतकरी, आणि तो तर आधीपासूनच बाहेर होता.

आर्तिबोनित नदीवरचं पेलिग्र धरण हे या कारभाराचं नमुनेदार उदाहरण. पैसा अमेरिकेच्या निर्यात-आयात बँकेचा, आखणी परदेशी अभियंत्यांची, फायदा खालच्या खोऱ्यातल्या भातशेतीला. वरच्या खोऱ्यातली गावं पाण्याखाली गेली आणि तिथले शेतकरी नुकसानभरपाई न मिळताच डोंगरात सरकले. धरण 1956 मध्ये उभं राहिलं, पण त्यातून वीज निघायला 1971 साल उजाडलं.

1954 हे त्याच्या वैभवाचं शिखर. 1 जानेवारीला स्वातंत्र्याची दीडशे वर्षं थाटात साजरी झाली, गोनाईव्हमध्ये संचलनं झाली, नेत्यांचे पुतळे उभे राहिले. फेब्रुवारीत ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर त्याचं चित्र झळकलं. 1955 च्या जानेवारीत तो अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला, काँग्रेसच्या संयुक्त सभेत बोलला, न्यूयॉर्कच्या रस्त्यावर त्याची मिरवणूक निघाली. शीतयुद्धाच्या त्या काळात कॅरिबियनमध्ये असा खात्रीचा कम्युनिस्टविरोधी गडी वॉशिंग्टनला हवाच होता.

घरी मात्र पाया हलू लागला होता. विरोधी वृत्तपत्रांचे छापखाने बंद पडत होते, मजूरनेता दानिएल फिन्योले याच्यासारख्यांची तुरुंगात ये-जा सुरू होती. पोलीसप्रमुख मार्केस प्रॉस्पेर याच्या श्रीमंतीच्या गोष्टी गावभर झाल्या होत्या. माग्लुआरला ‘कान्सों फे’, म्हणजे लोखंडी विजारवाला, हे टोपणनाव याच काळात चिकटलं. अशात 12 ऑक्टोबर 1954 ला हेझल चक्रीवादळाने दक्षिणेकडचा प्रदेश झोडपला. शेकडो माणसं मेली, कॉफी आणि कोकोची झाडं आडवी झाली. मदतीचा पैसा मधल्या मधे खाल्ला गेल्याची चर्चा सुरू झाली आणि ती शेवटपर्यंत थांबली नाही. कॉफीचं झाड पुन्हा फळाला यायला वर्षं लागतात. बदनामी त्याआधीच पिकते.

1956 मध्ये वाद पेटला तो तारखेवरून. शपथविधी डिसेंबर 1950 चा, मुदत सहा वर्षांची, म्हणजे 6 डिसेंबर 1956 ला खुर्ची रिकामी व्हायला हवी, असं विरोधकांचं सरळ गणित. राज्यघटनेनुसार राष्ट्राध्यक्षाचं वर्ष 15 मेपासून मोजायचं, म्हणून मी मे 1957 पर्यंत राहणार, हे माग्लुआरचं उत्तर. वकिलीची पदवी अखेर कामी आली म्हणायची! मे महिन्यातच विद्यार्थ्यांची आंदोलनं झाली आणि आणीबाणीसारखे निर्बंध लागू झाले.

6 डिसेंबरला त्याने जे केलं त्याला तोड नाही. सकाळी राष्ट्राध्यक्षपदाचा राजीनामा दिला आणि त्याच दिवशी लष्कराच्या पाठिंब्यावर ‘कार्यकारी प्रमुख’ म्हणून पुन्हा सत्ता घेतली. पाठिंबा देणारा लष्करप्रमुख होता लव्हेल्त, 1946 च्या त्रिकुटातलाच एक. विधिमंडळ बरखास्त झालं, विरोधी उमेदवारांना अटक झाली. कागदावर सगळं नीट बसवलेलं होतं.

पण राजधानीने दुकानं उघडलीच नाहीत. व्यापारी, वकील, शिक्षक, कारकून, सगळे घरी बसले. सैन्याने दुकानदारांना धाकदपटशा करून पाहिला, उपयोग झाला नाही. ऐन नाताळचा हंगाम, बंदरातला माल पडून, जकात थांबली, आणि हैतीचं सरकार तर जकातीवरच चालायचं. ज्या व्यापाऱ्यांना त्याने पंगतीला बसवलं होतं तेच आधी उठले. ते उठल्यावर खालच्या अधिकाऱ्यांना त्याच्यासाठी रस्त्यावर रक्त सांडण्यात काही हित दिसेना. सहाव्या दिवशी, 12 डिसेंबरला, माग्लुआरने सत्ता सोडली आणि जमैकाचा रस्ता धरला. तिथून पुढे न्यूयॉर्क.

त्यानंतरच्या नऊ-दहा महिन्यांत सत्ता कुणाकडेच टिकली नाही. सर्वोच्च न्यायालयाचे प्रमुख नमूर पियेर-लुई, मग फ्रँक सिल्व्हें, मग एक कार्यकारी मंडळ, मग 19 दिवसांपुरता फिन्योले, आणि शेवटी जनरल अँतोनियो केब्रो याची लष्करी सत्ता. 22 सप्टेंबर 1957 ला लष्कराच्याच देखरेखीखाली निवडणूक झाली आणि फ्रान्स्वा डुव्हालिए निवडून आला. हा खेड्यांत फिरून त्वचारोगावर उपचार करणारा डॉक्टर, एस्तिमेचा मंत्री. माग्लुआरच्या राजवटीत 1954 पासून भूमिगत होता, माफी मिळाल्यावर 1956 मध्ये बाहेर आला. अबोल आणि मऊ दिसतो, म्हणजे हाताखाली राहील, असा काही अधिकाऱ्यांचा होरा होता.

लेस्को, एस्तिमे, माग्लुआर हे तिघंही लष्कर बाजूला झाल्यावर पडले, हे डुव्हालिएने लपलेल्या जागेतून नीट पाहिलं होतं. जुलै 1958 मध्ये परागंदा झालेले तीन अधिकारी आणि त्यांच्यासोबतचे पाच अमेरिकी, अशा आठ जणांनी देसालीन बराक ताब्यात घेतली. ते मारले गेले, पण एवढीशी माणसंही बराक घेऊ शकतात हे उघड झालं. त्यानंतर डुव्हालिएने आपली वेगळी सशस्त्र टोळी वाढवली, सेनाप्रमुख वरचेवर बदलले, शस्त्रं राजवाड्याच्या तळघरात आणून ठेवली. लष्करापेक्षा मोठी झालेली ही टोळी म्हणजेच टोंटन मकूट. माग्लुआरचं नागरिकत्व त्याने कधीच काढून घेतलं होतं.

न्यूयॉर्कमध्ये जवळपास तीस वर्षं काढून, डुव्हालिए घराण्याची सत्ता 1986 मध्ये संपल्यावर माग्लुआर मायदेशी परतला. लष्कराला अधूनमधून सल्ला देत राहिला. ते लष्कर 1995 मध्ये राष्ट्राध्यक्ष आरिस्टिड यांनी बरखास्त केलं, तेव्हाही तो हयात होता. जुलै 2001 मध्ये वयाच्या 93 व्या वर्षी पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये त्याचं निधन झालं.