उनाईच्या कुंडाखाली ज्वालामुखी आहे का?

बडोद्याहून दक्षिण गुजरातमधल्या उनाईला गेलं की तिथल्या ऊन पाण्याच्या कुंडापाशी कुणीतरी हमखास सांगतं, "खाली ज्वालामुखी आहे ना, म्हणून पाणी तापतं." गायकवाडी काळातल्या बिलिमोरा-वघई नॅरोगेजवरचं हे ठिकाण. सीता इथे न्हाली आणि 'हुं नाही', म्हणजे मी न्हाले, असं म्हणाली, त्यावरून उनाई. ही गुजराती आख्यायिका. मराठी कानाला मात्र त्यात सरळ 'ऊन' ऐकू येतं, कोकणातल्या उन्हवरे-उन्हेऱ्यासारखं.

ज्वालामुखीची समजूत वेडगळ नाही. ऊन झऱ्यांचं पाणी येतं कुठून, यावर शास्त्रज्ञही शंभरेक वर्षं भांडले. आइसलँड बेटावरचा हेक्ला ज्वालामुखी १८४५ मध्ये उसळला. पुढच्या वर्षी रॉबर्ट बुन्सेन (बर्नरवाला तोच) तिथे पोचला. गीझरच्या, म्हणजे जमिनीतून उसळणाऱ्या ऊन पाण्याच्या कारंज्याच्या, नळीत तापमापक सोडून त्याने पाहिलं, तर खालचं पाणी शंभर अंशांच्या वर तापूनही उकळत नव्हतं. वरच्या पाण्याचा दाब त्याला धरून होता. मग त्याने तिथलाच खडक कुटून पावसाच्या पाण्यात उकळला. त्यात उतरलेले क्षार झऱ्याच्या पाण्यातल्यासारखेच निघाले. म्हणजे झऱ्याचं पाणी पावसाचंच, खडकातून फिरून आलेलं. मला या सगळ्या इतिहासात हाच प्रयोग सर्वांत देखणा वाटतो.

तरी १९०२ मध्ये भूवैज्ञानिक एडुआर्ड स्यूस म्हणालाच, की काही ऊन पाणी पावसाचं नसतं, ते भूगर्भातून पहिल्यांदाच वर येतं. १९५०च्या दशकात भूरसायनशास्त्रज्ञ हार्मन क्रेगने पाण्यातली समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू) मोजली: हायड्रोजन स्थानिक पावसाशी जुळला, ऑक्सिजन तेवढा तापलेल्या खडकाशी अदलाबदल होऊन जड झालेला. म्हणजे पाणी मुख्यतः पावसाचंच.

१९६६ पासून पाण्यात विरघळलेली सिलिका (वाळूतलं मुख्य द्रव्य) तापमापकासारखी वापरात आली. पाणी जितकं तापलेलं, तितकी सिलिका जास्त विरघळते, आणि वर येताना ती लगेच खाली बसत नाही. त्यामुळे वरच्या बाटलीभर पाण्यावरून खोलवरच्या तापमानाचा अंदाज बांधता येतो. ज्वालामुखी बेटावर मात्र समुद्र, पाऊस आणि ज्वालामुखीचे वायू, सगळेच एका बाटलीत उतरतात.

उनाईचा काळा पाषाण लाव्हाचाच, पण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो केव्हाच निवला. इथली ऊब जमिनीखालच्या खोलपणाची. जमिनीखाली दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश वाढतात. भेगांतून खोल गेलेलं पाणी तापून वर येतं. वाटेत गार भूजल मिसळलं, तर मॅग्नेशियम वाढतं आणि सिलिका पातळ होते. मग सिलिकेवरून काढलेलं तापमान खऱ्यापेक्षा कमी येतं.