मोबाईलमुळे डोळ्यांवर येणारा ताण आणि डोकेदुखी

फोन बराच वेळ जवळ धरून बघितल्यावर डोळे चुरचुरतात, जड होतात, मधेच पाणी येतं, मान वर करून लांब बघितलं की दोन-तीन सेकंद सगळं धुरकट दिसतं आणि कपाळ, भुवया, कानशिलं किंवा डोळ्यांच्या मागे ठणका लागतो. या सगळ्याला मिळून डॉक्टर लोक डिजिटल आय स्ट्रेन म्हणतात. १९९० च्या दशकात ऑफिसांमध्ये कॉम्प्युटर घुसले तेव्हा यालाच कॉम्प्युटर व्हिजन सिंड्रोम हे नाव पडलं आणि ते अजूनही वापरात आहे. हा एकच एक आजार नाहीये, तीन-चार वेगवेगळे त्रास एकावर एक चढलेले असतात, म्हणून तर एकाला चष्म्याचा नंबर बदलून बरं वाटतं, दुसऱ्याला ड्रॉप्सनी आणि तिसऱ्याला नुसतं आडवं पडून फोन बघणं बंद केल्यावर.

बहुतेकांची समजूत अशी असते की स्क्रीनमधून काहीतरी किरण येतात आणि त्याने डोळे जातात. पण खरा हिशोब आहे तो फोन किती जवळ धरला, पापणी किती वेळा लवली आणि मान किती वेळ एकाच जागी वाकून राहिली याचा. या तिन्ही गोष्टी फुकटात सुधारता येतात, आणि तरी लोक आधी चष्म्याच्या दुकानात जाऊन निळा प्रकाश अडवणारी काच घेतात, म्हणून ही नोंद जरा सविस्तर.

वीत आणि हात

आपली जुनी मापं इथे फार कामाला येतात. वीत म्हणजे साधारण २२ सेंटिमीटर, आणि हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण ४५ सेंटिमीटर. हातभर अंतरावरचं अक्षर स्पष्ट दिसायला डोळ्यातल्या भिंगाला सव्वादोन नंबरचा जोर लावावा लागतो, तेच अक्षर वीतभर अंतरावर आणलं की जोर होतो साडेचारचा, म्हणजे सरळ दुप्पट. (नंबर म्हणजे डायॉप्टर, चष्म्याच्या चिठ्ठीवर लिहितात तोच.) हा जोर लावतो भिंगाभोवतीचा एक बारीक गोल स्नायू, सिलिअरी स्नायू म्हणतात त्याला, तो आवळला की भिंग फुगीर होतं, आणि त्याच वेळी दोन्ही डोळे नाकाकडे वळवून धरायला बाहेरचे स्नायूही कामाला लागलेले असतात. मूठ घट्ट आवळून दोन तास बसा, हात भरून येईल की नाही? इथे तेच होतं. आणि स्नायू लगेच सैल पडत नाही म्हणून फोन बाजूला ठेवून खिडकीबाहेर बघितलं की क्षणभर समोरची बिल्डिंग धुरकट दिसते.

पुस्तक आपण सहसा ४० सेंटिमीटरच्या आसपास धरतो, फोन मात्र त्याहून जवळ येतो कारण अक्षर बारीक असतं, आणि आडवं पडल्यावर तर तो हळूहळू वीतभरावर कधी आला ते कळतही नाही. कुशीवर झोपून बघताना अजून एक गोची असते, एक डोळा फोनला जवळ आणि दुसरा लांब, दोघांना वेगवेगळा जोर हवा असतो पण मेंदू दोन्ही डोळ्यांना सारखाच हुकूम सोडतो, मग एका डोळ्याचं चित्र कायम थोडं कच्चं राहतं आणि ते सांभाळता सांभाळता डोकं धरतं.

वय इथे फार महत्त्वाचं. दहा वर्षांच्या पोराकडे १२-१४ नंबरचा जोर असतो, तो वर्षागणिक कमी होत जातो, पंचेचाळिशीत ४-५ उरतो आणि पन्नाशीत त्याहूनही खाली. जेवढा जोर शिल्लक आहे त्याच्या निम्माच आरामात वापरता येतो असा डोळे तपासणाऱ्यांचा जुना ठोकताळा आहे, म्हणजे पंचेचाळिशीच्या माणसाने वीतभर अंतरावर मेसेज वाचले तर तो सगळी ताकद पणाला लावून वाचतोय. वाचायच्या चष्म्याला आपल्याकडे चाळिशी हेच नाव पडलंय ते उगाच नाही. तरी चाळिशी लागली हे मान्य करायला लोक दोन-दोन वर्षं काढतात, फोन लांब धरतात, ट्यूबखाली जाऊन वाचतात आणि संध्याकाळच्या डोकेदुखीला पित्त म्हणतात.

तरुणांमध्ये याच्या उलटा घोळ होतो. ज्यांना थोडा प्लस नंबर असतो त्यांना लांबचं, जवळचं सगळं स्पष्ट दिसतं, कारण स्नायू गुपचूप ती कसर भरून काढत असतो, त्यामुळे ‘मला नंबर नाही’ अशी त्यांची खात्री असते आणि डोकं मात्र रोज दुखतं. थोडासा सिलिंडर नंबर (आडव्या आणि उभ्या दिशेचा फोकस वेगवेगळा) असला तरी तसंच. म्हणून डोकेदुखीसाठी नंबर काढताना, खास करून मुलांचा, डोळ्यात औषध घालून स्नायू सैल करून तपासतात. त्या दिवशी काही तास जवळचं वाचता येत नाही, उजेड सहन होत नाही, पण ते टाळू नये.

पापणी

गप्पा मारताना माणसाच्या पापण्या मिनिटाला साधारण १५-२० वेळा लवतात. स्क्रीनमध्ये गुंतल्यावर हे निम्म्यावर येतं, काहींचं तर पाच-सातवर. घरात कुणी रील बघत बसलं असेल तर न सांगता समोर बसून घड्याळ लावून मोजा, पटेल. आणि नीट बघितलं तर अजून एक दिसेल, बऱ्याचदा पापणी अर्ध्यावर येऊनच परत जाते, पूर्ण मिटतच नाही.

डोळ्यावर अश्रूंचा जो थर असतो त्यात खाली चिकट, मधे पाण्याचा आणि वर तेलाचा असे पदर असतात, आणि वरचं तेल येतं पापणीच्या काठावरच्या ग्रंथींमधून, तेही पापणी पूर्ण मिटून दाबली गेली की. पापणी लवली नाही की तेल पसरत नाही, पाणी उडून जातं आणि बुबुळाचा पृष्ठभाग कोरडा पडतो. तिथे मज्जातंतूंची टोकं खच्चून भरलेली असतात म्हणून डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं. मग शरीर घाबरून भसकन पाणी सोडतं, त्यामुळे ‘माझ्या डोळ्यातून तर पाणी येतं, कोरडे कसे असतील’ हा प्रश्न प्रत्येक डोळ्याच्या डॉक्टरला रोज ऐकावा लागतो. ऑफिसात एसीचा झोत तोंडावर, गाडीत एसीची जाळी तोंडाकडे, विदर्भात उन्हाळ्यात कूलर तोंडासमोर, घरी झोपताना डोक्यावर पंखा फुल्ल, या सगळ्याने तो थर अजून लवकर सुकतो.

डोळ्याचा त्रास डोक्यात कसा जातो

डोळा, कपाळ आणि डोक्याचा पुढचा भाग या सगळ्यांची संवेदना एकाच मज्जातंतूच्या फांदीतून मेंदूकडे जाते, ट्रायजेमिनल म्हणतात त्याला. म्हणून डोळ्यातला त्रास भुवईवर आणि कपाळात जाणवतो. दुसरी वाट मानेतून आहे. मानेच्या वरच्या तीन मणक्यांपाशी निघणाऱ्या नसा आणि हा ट्रायजेमिनल मेंदूच्या देठाजवळ एकाच ठिकाणी येऊन मिळतात, त्यामुळे दुखणं मानेत असलं तरी ते डोळ्यामागे वाटू शकतं. डोकं सरळ असताना मानेवर साधारण पाच किलोचा भार असतो, न्यूयॉर्कचे सर्जन केनेथ हन्सराज यांनी २०१४ मध्ये गणित मांडलं होतं की मान ६० अंशात वाकवली तर हाच भार २७ किलोच्या आसपास जातो. लोकलमध्ये दरवाज्याजवळ उभं राहून, एका हाताने दांडी धरून, हनुवटी छातीला टेकवून बघणाऱ्यांची मान तेवढीच वाकलेली असते, वर गाडीचे हादरे, म्हणजे डोळ्याला दर क्षणी अक्षर परत पकडावं लागतं.

ज्यांना मुळातच अर्धशिशी आहे त्यांची गोष्ट वेगळी धरावी. त्यांच्यात स्क्रीनचा झगमगाट, भराभर सरकणारी चित्रं, काळ्या-पांढऱ्या दाट रेघा याने अटॅक सुरू होऊ शकतो, मग अर्धं डोकं ठणकतं, मळमळतं, उजेड नको होतो.

लुकलुकणारी स्क्रीन

ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. बऱ्याच अ‍ॅमोलेड स्क्रीनमध्ये (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो) ब्राइटनेस कमी केला की प्रकाश खरोखर मंद होत नाही, तो सेकंदाला शेकडो वेळा बंद-चालू होतो, आणि बंद राहण्याचा वेळ वाढवला की आपल्याला अंधुक वाटतं. अनेक फोनमध्ये हा वेग सेकंदाला २४० च्या आसपास असतो, अलीकडे काही कंपन्या १९२०, ३८४० असे आकडे जाहिरातीत लिहितात ते याचेच. डोळ्याला लुकलुक दिसत नाही पण काही लोकांना ती बाधते. घरी बघायचं असेल तर खोलीत अंधार करून, फोनचा ब्राइटनेस अगदी कमी करून, पांढऱ्या पानासमोर पेन्सिल भराभर हलवा. पेन्सिलीचा पुसट पट्टा दिसला तर ठीक, पण सुट्या सुट्या पाच-सहा पेन्सिली पंख्यासारख्या उभ्या दिसल्या तर स्क्रीन लुकलुकतेय.

हे काही नवीन नाही. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटी ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकायच्या, आणि १९८९ मध्ये ब्रिटनमध्ये अर्नोल्ड विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी एका ऑफिसात चोक बदलून बघितला तेव्हा भराभर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चोकखाली लोकांची डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण निम्म्याहून कमी झाला होता. ज्यांना नवा फोन घेतल्यापासूनच डोकं दुखायला लागलंय आणि जुन्या एलसीडी फोनवर दुखत नव्हतं त्यांनी हे आधी तपासावं. ब्राइटनेस वर ठेवून सॉफ्टवेअरचा अंधुक फिल्टर लावला तर पुष्कळांना फरक पडतो.

देवनागरी अक्षर

देवनागरीत वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार बसवायचे असतात, त्यामुळे इंग्रजीएवढाच साइज ठेवला तरी मधलं मूळ अक्षर बरेचदा बारीक पडतं. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यातला फरक शिरोरेषेच्या एका फटीचा. त्यात व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून फिरून फिसकटलेलं पेपरच्या कात्रणाचं चित्र किंवा डिजिटल सातबाऱ्याची पीडीएफ, अक्षराच्या कडाच धड नसल्या की डोळा फोकस शोधत आगेमागे करत राहतो. आमच्या आईचा संध्याकाळचा ठणका फोनमधलं अक्षर दोन पायऱ्या मोठं केल्यावर बराच उतरला, कारण मग फोन आपोआप हातभर लांब गेला. सेटिंगमध्ये जाऊन हे एवढं घरातल्या मोठ्यांना करून द्यावं.

निळा प्रकाश आणि अंधार

निळा प्रकाश अडवणारा चष्मा डोळ्यांच्या ताणावर उपयोगी पडतो असं दिसलेलं नाही. वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये १७ चाचण्या एकत्र करून बघितल्या, थोड्या काळापुरतं तरी साध्या काचेपेक्षा वेगळा फायदा आढळला नाही, आणि अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची मोठी संघटनाही तो घ्या असं सांगत नाही. दिवसा आभाळातून येणारा निळा प्रकाश फोनच्या कितीतरी पट असतो. रात्री उशिरा फोन बघून झोप बिघडते आणि अपुऱ्या झोपेने डोकं दुखतं, ते खरं आहे.

पूर्ण अंधारात बघणं मात्र टाळावंच, निदान एक दिवा असू द्यावा. २०१६ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी दोन बायकांची केस छापली होती, दोघींना काही मिनिटं एका डोळ्याने दिसेनासं व्हायचं, खूप तपासण्या झाल्या, आणि शेवटी कळलं की त्या अंधारात कुशीवर पडून एकाच डोळ्याने फोन बघत होत्या, दुसरा डोळा उशीत. बघणारा डोळा उजेडाला सरावलेला, उशीतला अंधाराला, म्हणून उठल्यावर काही वेळ एक डोळा गेल्यासारखा वाटायचा. इजा काहीच नव्हती.

उपाय

फोन हातभर, अक्षर मोठं, स्क्रीनचा उजेड खोलीच्या उजेडाएवढा, आणि स्क्रीन डोळ्यांच्या किंचित खाली पण मान न वाकवता. कॅलिफोर्नियाचे ऑप्टोमेट्रिस्ट जेफ्री अँशेल यांनी सांगितलेला २०-२०-२० चा नियम सगळीकडे चालतो, दर २० मिनिटांनी २० फुटांवर २० सेकंद बघायचं. २० फूट म्हणजे घरातल्या घरात मिळत नाही, खिडकीपाशी किंवा गॅलरीत जावं लागतं, तिथे मुद्दाम आठ-दहा वेळा डोळे पूर्ण मिटून उघडावे. कोरडेपणाला पापण्यांवर कोमट शेक आणि कृत्रिम अश्रूंचे ड्रॉप्स चांगले. पण मेडिकलमधून ‘डोळे लाल झालेत, काहीतरी द्या’ म्हणून ड्रॉप्स कधीच आणू नका, त्यात स्टिरॉइड असेल तर दोन दिवसात बरं वाटतं आणि महिनोन्महिने वापरलं तर काचबिंदू किंवा मोतीबिंदू होऊ शकतो. मध, गुलाबपाणी, दूध हेही डोळ्यात घालू नये, ते निर्जंतुक नसतं. डोकेदुखीच्या साध्या गोळीचंही तसंच, महिन्यात १५ किंवा जास्त दिवस असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर गोळीमुळेच रोजची डोकेदुखी सुरू होऊ शकते.

मुलांच्या बाबतीत ताणापेक्षा मायनस नंबर वाढण्याची काळजी मोठी. २०२० मध्ये शाळा फोनवर आल्या तेव्हा केंद्राच्या ऑनलाइन शिक्षणाच्या ‘प्रज्ञाता’ सूचनांमध्ये पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांच्या दोनच तासिका सांगितल्या होत्या. जागतिक आरोग्य संघटना २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाहून जास्त स्क्रीन नको म्हणते. उघड्यावर, दिवसाच्या उजेडात रोज खेळणाऱ्या मुलांमध्ये मायनस नंबर कमी लागतो हे बऱ्याच देशांत दिसलंय.

काही दुखणी मात्र फोनवर ढकलू नयेत. एक डोळा लाल होऊन प्रचंड दुखतोय, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतायत आणि उलट्या होतायत, तर तो काचबिंदूचा झटका असू शकतो. डोळ्यापुढे अचानक खूप ठिपके, चमक, किंवा एका बाजूने पडदा सरकल्यासारखं झालं तर डोळ्याच्या आतला मागचा पडदा (रेटिना) सुटत असू शकतो. डोकं एकदम, आयुष्यात कधी दुखलं नाही इतकं दुखलं, पहाटे डोकेदुखीने जाग येऊन उलटी झाली, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच नवी डोकेदुखी सुरू झाली आणि चावताना जबडा दुखतोय, यातलं काहीही असलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, रात्र असली तरी.