‘निर्णय’ वाचताना डोळे मागे का वळतात?

“मराठीत कुठे आहेत इंग्रजीतल्या b आणि d सारखी, एकमेकांची उलटी दिसणारी अक्षरं? मग मराठी शाळेतल्या मुलांना डिस्लेक्सिया होईलच कसा?” एका पालकसभेत एका बाबांनी अगदी मनापासून हे विचारलं आणि आजूबाजूच्या बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. तेव्हापासून हा लेख डोक्यात आहे.

डिस्लेक्सिया म्हणजे वाचायला शिकणंच जड जाणं. पण अक्षरं उलटी दिसणं म्हणजे डिस्लेक्सिया, हा समज खोलवर रुजला आहे. खरं तर मेंदूत वाचनासाठी जन्मजात केंद्रच नाही. लिपी उणीपुरी पाच हजार वर्षांची. त्यामुळे शिकताना आपण वस्तू आणि चेहरे ओळखणारा, मेंदूच्या डाव्या बाजूचा मागचा-खालचा भाग अक्षरांच्या कामाला जुंपतो. कपाचा कान डावीकडे असो वा उजवीकडे, कप तो कपच, अशी त्या भागाची जुनी सवय. म्हणून पाच-सहा वर्षांची पुष्कळ मुलं अक्षरं कधीतरी उलटी काढतात आणि पुढे ती सवय मोडते. तेवढ्यावरून कुणाला डिस्लेक्सिया ठरवता येत नाही.

मुख्य अडचण बहुतेकदा आवाजात असते. ‘पाट’मधला ‘प्’ काढून ‘ख्’ घातला तर काय होईल? ‘खाट’ हे उत्तर आपल्याला पटकन सुचतं, कारण बोललेला शब्द आपण मनातल्या मनात सुटा करू शकतो. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला हे सुटं करणं जड जातं, आणि मग ध्वनी आणि खूण यांची गाठ पक्की बसत नाही. बुद्धीचा यात काही संबंध नाही.

आता देवनागरीकडे बघू. माझ्या शेजारी बसून तिसरीतली एक मुलगी ‘निर्णय’ वाचत होती. बोट पहिल्या वेलांटीवर ठेवलं, ‘इ’ म्हणाली, थांबली, ‘न’वर गेली, परत वेलांटीवर आली. मग ‘ण’ म्हणून झाल्यावर तिला डोक्यावरचा रफार दिसला. तिचं चुकलं कुठे? डावीकडून उजवीकडे कागदावर वेलांटी, न, ण, त्यावर रफार, मग य. तोंडातून निघायचं न्, इ, र्, ण, य. एका छोट्या शब्दात क्रम दोनदा उलटतो. सराईत वाचक संपूर्ण अक्षर एका घासात उचलतो, म्हणून त्याला हे जाणवत नाही. निदान तसं वाटतं. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांच्या २००२ मधल्या हिंदी वाचकांवरच्या अभ्यासात, अशी आधी लिहिलेली पण नंतर उच्चारायची वेलांटी असलेले शब्द वाचायला जास्त वेळ लागतो असं दिसलं. ज्या मुलाची ध्वनींवरची पकडच सैल, त्याला वेलांटी हातात धरून ठेवायची, व्यंजन म्हणायचं, मग वेलांटी सोडायची, आणि तोवर शब्दाची सुरुवातही विसरायची नाही.

त्यात ३४ व्यंजनांची बाराखडी म्हणजे चारशेच्या वर आकार, जोडाक्षरं वेगळीच. एकट्या ‘र’ची रूपं मोजा: रस, सूर्य, प्रकाश, ट्रक, दुसऱ्या. ‘चहा’ आणि ‘चाक’ यांतला च लिहायला एक, बोलायला दोन. एवढं सोडलं तर आपली लिपी बरीचशी उच्चाराप्रमाणे चालते, आणि अशा लिपींत डिस्लेक्सिया चुकांपेक्षा संथपणातून जास्त दिसतो. मूल बरोबर वाचतं, पण फार हळू. म्हणूनच ते ‘आळशी’ ठरतं आणि वर्षं निघून जातात.

या काळजीत पालक सापडले की ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’चे, म्हणजे मेंदूचा मधला भाग जागा करून देण्याचा दावा करणारे, वर्ग पुढे येतात. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचणारं मूल नाकाजवळच्या फटीतून बघत असतं. मेंदूतलं काही जागं झालेलं नसतं. त्या पैशांत वर्गासाठी किती कार्डं होतील!

हो, कार्डंच. कमी वजनाचा पुठ्ठा, त्यावर व्यंजनं काळ्या रंगात, वेलांट्या आणि रफार लाल रंगात, सगळे तुकडे सुटे. मूल ‘न’ ठेवतं, ‘न्’ म्हणतं, मग डाव्या बाजूला वेलांटी सरकवत ‘नि’ म्हणतं. हात, डोळे, कान, जीभ एकाच वेळी एकाच ध्वनीवर येतात. हे एकट्या त्या मुलीला बाजूच्या खोलीत नेऊन करू नका, सगळ्या वर्गाला द्या. रफार पुष्कळांना नीट कळलेला नसतो. सगळ्यांसमोर अचानक उभं करून धडा वाचायला लावू नका, आदल्या दिवशी परिच्छेद सांगून ठेवा. विज्ञानाच्या चाचणीत विज्ञान तपासायचं आहे, तर प्रश्न वाचून दाखवा, उत्तर तोंडी घ्या. १९९५ च्या अपंग कायद्यात अध्ययन अक्षमता, जिच्यात डिस्लेक्सिया मोडतो, नव्हती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ती आहे. दहावीला वाढीव वेळ आणि लेखनिक मिळतो, पण दहावीपर्यंत थांबायचं कशाला?

ती मुलगी आता ‘निर्णय’ जुळवताना रफाराचा लाल तुकडा आधी उचलते, ‘र्’ म्हणते, तो हातात धरून ‘ण’ शोधते, आणि मग त्याच्या डोक्यावर ठेवते.