बुडी

बुडी (स्त्री., अ. व. बुड्या) : पाण्याच्या पृष्ठभागाखाली सर्वांगाने जाऊन, सहसा काही काळ तेथे राहून, पुन्हा वर येण्याची क्रिया. हे नाम आज मुख्यतः ‘मारणे’ व ‘घेणे’ या क्रियापदांबरोबर येते. ‘बुडी देणे’ हा प्रयोग जुना आहे. ‘बुडणे’ या क्रियापदात कर्त्याची इच्छा गृहीत नसते. बुडी मात्र हेतुपूर्वक मारली जाते आणि तीत वर येणे अभिप्रेत असते. डोके खाली करून पाण्यात शिरण्याला ‘सूर’ आणि गुडघे पोटाशी घेऊन उडी टाकण्याला ‘मुटका’ म्हणतात; या दोन्हींचा संबंध पाण्यात शिरण्याच्या रीतीशी आहे.

व्युत्पत्तीबाबत मतभेद आहेत. हेमचंद्र या जैन वैयाकरणाने १२व्या शतकातील आपल्या प्राकृत व्याकरणात संस्कृत ‘मस्ज्’ (बुडणे) धातूच्या जागी आउड्ड, णिउड्ड, बुड्ड आणि खुप्प असे चार आदेश, म्हणजे बदली येणारी रूपे, सांगितले आहेत. त्यांतील ‘बुड्ड’वरून मराठी ‘बुडणे’ व त्यावरून ‘बुडी’ आले, हे बहुधा सर्वमान्य व्हावे. ‘खुप्प’चा धागा मराठी ‘खुपणे’पर्यंत येत असावा. तथापि आदेश सांगणे म्हणजे उगम सांगणे नव्हे. ध्वनिदृष्ट्या ‘मस्ज्’पासून ‘बुड्ड’ निघू शकत नाही, तेव्हा मूळ शब्द देश्य, म्हणजे संस्कृतातून न आलेला बोलीतील, असण्याचा संभव अधिक. संस्कृत धातुपाठात ‘झाकणे’ या अर्थाचा ‘बुड्’ धातू दिला आहे, परंतु तो बोलीतूनच वर उचललेला दिसतो. ‘बूड’ म्हणजे तळ, म्हणून तळाशी जाणे ते बुडणे, ही उपपत्ती आकर्षक असली तरी त्या नामाचा संबंध संस्कृत ‘बुध्न’शी (तळ) जोडला जातो; तेव्हा दोन शब्दांचा परस्परांवर प्रभाव पडला असेल, एवढेच म्हणणे सुरक्षित वाटते. हिंदी ‘डूबना’ हे ‘बूड़ना’ या जुन्या रूपातील वर्णविपर्ययाने, म्हणजे वर्णांच्या अदलाबदलीने, झाले असावे.

विदर्भात या विपर्ययाच्या दोन्ही बाजू एकत्र नांदतात. वऱ्हाडाकडे ‘बुडी’ अधिक, तर नागपूर-भंडाऱ्याकडे हिंदीच्या सान्निध्याने ‘डुबकी’ व ‘डुबणे’ रूढ आहेत. सीमा मात्र रेखीव नाही, आणि एकाच घरात आजी ‘बुडी’ म्हणते व नातू ‘डुबकी’, असेही आढळते. पूर्व विदर्भात शेतातील लहान तळ्याला ‘बोडी’ म्हणतात. उच्चार जवळचा असला तरी त्या शब्दाचा ‘बुडी’शी संबंध जोडण्यास आधार नाही.

विहिरीवर किंवा नदीच्या डोहात पोहणारी मुले बुडीची पैज लावतात, तेव्हा तळ गाठल्याचा पुरावा म्हणून मूठभर गाळ वर आणावा लागतो. रिकाम्या हाताने आलेल्याची बुडी धरली जात नाही. वैनगंगेकाठचे आणि मालगुजारी (मालगुजार जमीनदारांच्या काळातील) तलावांवरचे ढिवर मासेमार तळाशी अडकलेले जाळे सोडविण्यासाठी बुडी मारतात. गडचिरोली जिल्ह्यातील मार्कंडा येथे, जेथे वैनगंगा उत्तरवाहिनी होते, महाशिवरात्रीच्या यात्रेत नदीस्नान केले जाते. अशा स्नानाच्या संदर्भात बुडी ‘मारली’ न म्हणता ‘घेतली’ म्हणणे शिष्ट समजले जाते.

‘बुडणे’ याच धातूपासून ‘पाणबुड्या’, ‘पाणबुडी’ व ‘बुडीत’ हे शब्द झाले. ‘दिवस बुडाला’, ‘रोजी बुडाली’, ‘शाळा बुडवली’ हे लाक्षणिक प्रयोग सर्वपरिचित आहेत. ‘बुडीत’ पूर्वी मुख्यतः कर्जाला लागे. धरणांमुळे त्याला भूमीचा अर्थ आला, आणि भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात वैनगंगेवर १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द (इंदिरासागर) प्रकल्पाच्या परिसरात ‘बुडीत क्षेत्र’ व ‘बुडीत गाव’ हे सरकारी कागदांतील शब्द बोलीतही आले. जलाशयाचे पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी व लागवडीस दिली जाणारी जमीन ‘गाळपेर’ म्हणून ओळखली जाते.