स्ट्रक्चरल ऑडिट ३० वर्षांनंतरच लागतं? नाही!
सोसायटीच्या मीटिंगमधे कोणीतरी हमखास बोलतंच की बिल्डिंग ३० वर्षांची झाल्याशिवाय स्ट्रक्चरल ऑडिट (इंजिनिअरकडून इमारतीच्या मजबुतीची तपासणी) लागत नाही. अर्धंच खरं आहे हे. ३० वर्षांची अट मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३ब मधली, पण महाराष्ट्रातल्या हाउसिंग सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत (सोसायटी चालवायच्या नमुना नियमांत) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुनीचं दर ३ वर्षांनी ऑडिट सांगितलंय.

आणि बाल्कनी नि कॉमन गॅलरी तर एवढं थांबतच नाहीत. बहुतेकदा एकाच बाजूने धरलेला स्लॅब असतो तो, त्याची मुख्य सळई वरच्या अंगाला, म्हणजे लादीखाली पाणी मुरलं की आधी तीच गंजते, फुगते, काँक्रीट फोडते, आणि आपण खालून प्लास्टर चांगलं दिसतंय म्हणून काहीच करत नाही. त्यात लोक जुन्या लादीवरच नवी बसवतात, कठड्याला मातीच्या जड कुंड्या, सगळं वजन टोकाला. भिंतीच्या जोडापाशी वरून तडा दिसला तर सिमेंट मारून झाकू नका प्लीज, परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा आणि गरज पडली तर लादी उचलून बघायला सांगा.