पेशी-संकेतवहन व रक्ताचा कर्करोग

पेशीने केव्हा विभागायचे, केव्हा थांबायचे आणि केव्हा मरायचे हे बऱ्याच अंशी बाहेरून येणाऱ्या रासायनिक संकेतांवरून ठरते. संकेत आणणारा रेणू पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही प्रथिनाला चिकटतो, ग्राहीचा आतला भाग जागा होतो आणि निरोप एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात केंद्रकातील जनुकांपर्यंत पोचतो. या साखळीला संकेतवहन म्हणतात. (जुन्या परिभाषेत पेशीला कोशिका म्हणत. पुण्यात गणेशखिंडीच्या विद्यापीठ आवारातील राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राच्या नावात तो शब्द टिकून आहे; बोलताना मात्र एनसीसीएस.) कायनेज नावाची विकरे प्रथिनांवर फॉस्फेट गट बसवतात, फॉस्फेटेज ते काढतात. बसवला की चालू, काढला की बंद, असे ढोबळमानाने म्हणता येते. अस्थिमज्जेत दररोज सुमारे दोनशे अब्ज तांबड्या पेशीच तयार होतात. तेथे एखादा संकेत बंद व्हायचा राहिला तर परिणाम लवकर दिसतो.

ल्युकेमियाचे, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचे, पहिले वर्णन कोणाचे, याबद्दल मतभेद आहेत. फ्रेंच वैद्य आल्फ्रेड दोने यांनी पांढऱ्या पेशींनी भरलेले रक्त 1844 च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. एडिंबरोचे जॉन ह्यूज बेनेट आणि बर्लिनचे रुडॉल्फ फिर्खो यांचे वृत्तान्त 1845 मध्ये काही आठवड्यांच्या अंतराने आले. त्यांत बेनेट यांचा आधीचा. परंतु बेनेट यांनी त्या रक्तात पू झाला असे मानले. फिर्खो यांनी पुवाचा संबंध नाकारला, ‘पांढरे रक्त’ असे वर्णन केले आणि 1847 मध्ये रोगाला आजचे नाव दिले. ही पेशींच्या वाढीचीच विकृती आहे, या आजच्या समजुतीशी फिर्खो यांचे म्हणणे अधिक जुळते.

वाढीमागचा बिघडलेला संकेत सर्वांत स्पष्टपणे दिसला तो क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात, म्हणजे मज्जेतील पेशींच्या सावकाश वाढणाऱ्या कर्करोगात. पीटर नोवेल व डेव्हिड हंगरफर्ड यांना 1960 मध्ये फिलाडेल्फियात या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र सापडले. जॅनेट राउली यांनी 1973 मध्ये दाखवले की ते नुसते तुटलेले नाही. क्रमांक 9 व 22 च्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलले आहेत. सांध्यावर बीसीआर आणि एबीएल ही जनुके जोडली जातात. एबीएल हे मुळात आवरलेले कायनेज. बीसीआरचा तुकडा जोडला गेला की त्याचा आवर सुटतो व ते सतत चालू राहते. याची प्रयोगशाळेतील साधी प्रचीती उंदराच्या बीए-एफ-3 पेशींत मिळते. इंटरल्यूकिन-3 हा वाढघटक काढून घेतला की या पेशी एक-दोन दिवसांत मरतात. त्यांत हे जोडजनुक घातले तर त्या घटकावाचूनही वाढत राहतात. संकेत नवा नसतो, नेहमीचाच असतो. तो थांबत नाही एवढेच.

हे जोडजनुक एकटे पुरेसे आहे का, हा प्रश्न मात्र पूर्ण सुटलेला नाही. उंदराच्या मज्जेत ते घातल्यावर तशाच प्रकारचा रोग झाल्याचे 1990 मध्ये दिसले, म्हणून पुष्कळ अभ्यासक ते पुरेसे मानतात. उलट, अतिसंवेदनशील चाचण्यांत ते काही निरोगी माणसांच्या रक्तातही अत्यल्प प्रमाणात आढळले आहे. ते कोणत्या पेशीत घडते यावर पुढचे अवलंबून असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मूळ अदलाबदल का होते, हे बहुतेक रुग्णांत सांगता येत नाही. किरणोत्सर्ग हे एक ज्ञात कारण असून हिरोशिमातून वाचलेल्यांत या रोगाचे प्रमाण वाढले होते.

एबीएलची ऊर्जा-रेणू घेण्याची खोबण अडवणारे इमॅटिनिब हे औषध 2001 मध्ये अमेरिकेत मान्य झाले. त्याच्या एका स्फटिकरूपाचे पेटंट भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2013 रोजी नाकारले. भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळीचा मार्ग त्यामुळे मोकळा राहिला, आणि भारतात हा रोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने तरुण, कमावत्या वयात होत असल्याने या निर्णयाचे मोल फार मोठे आहे. पुण्यातही पुष्कळदा रुग्ण ‘काउंट वाढलाय’ किंवा ‘पोटात डावीकडे जड वाटतं’ (वाढलेली पाणथरी, म्हणजे प्लीहा) एवढेच सांगत येतो. नेहमीची मात्रा रोज 400 मिलिग्रॅम, जेवणासोबत, मोठा पेलाभर पाण्याबरोबर. दर तीन महिन्यांनी जोडजनुकाचे प्रमाण मोजतात. तिसऱ्या महिन्यात ते 10 टक्क्यांवर वा त्याखाली आणि पुढे 0.1 टक्क्यापर्यंत यावे ही अपेक्षा. बरे वाटते म्हणून गोळ्या चुकवल्या तर हा आकडा पुन्हा चढू शकतो. एबीएल प्रथिनाच्या 315 व्या स्थानी थ्रिओनिन या अमिनो आम्लाऐवजी आयसोल्यूसिन हे दुसरे आले तर इमॅटिनिब खोबणीत बसत नाही.

इतर रक्तविकारांतही संकेतदोष आढळतात. जॅक-2 या कायनेजमधील 617 व्या स्थानाचा बदल (2005 मध्ये सापडलेला) पॉलिसायथेमिया व्हेराच्या, म्हणजे तांबड्या पेशी फाजील वाढण्याच्या विकाराच्या, जवळजवळ सर्व रुग्णांत असतो. तीव्र मायलॉइड ल्युकेमियात एफएलटी-3 ग्राहीचा, तर टी-पेशींच्या तीव्र ल्युकेमियात नॉच-1 या ग्राहीचा दोष पुष्कळदा दिसतो.

एनसीसीएसची सुरुवात 1986 मध्ये पेशी-संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा म्हणून झाली, आणि देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी पुरवण्याचे काम तेथून आजही चालते. त्यांत के-562 ही एका क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्ण स्त्रीपासून 1970 च्या दशकात मिळालेली पेशी-शृंखला (प्रयोगशाळेत सतत वाढवता येणारा पेशींचा वाण) आहे. तिच्यात बीसीआर-एबीएल असते. 37 अंश तापमानाला या पेशी गुलाबी पोषक द्रवात तरंगत वाढतात, आणि द्रव पिवळा पडू लागला की पेशी दाटल्या हे कळते. एनसीसीएसमध्येच निरोगी मज्जेतील मूळ पेशींवर (ज्यांपासून सर्व रक्तपेशी बनतात) झालेले संशोधनही लक्षणीय आहे. टीजीएफ-बीटा-1 हा एरवी वाढ रोखणारा मानलेला घटक पिकोग्रॅम मात्रेत त्यांना चालना देतो व त्याहून मोठ्या नॅनोग्रॅम मात्रेत अटकाव करतो, आणि दोन्ही वेळी मॅप-कायनेज या कायनेज-गटाच्या वेगळ्या वाटा जाग्या होतात असे त्यात दिसले. ल्युकेमियाच्या मूळ पेशी इमॅटिनिबने एबीएल बंद पडल्यावरही तगून राहतात. त्यांना त्या वेळी जगवतात ते शेजारच्या मज्जापेशींकडून येणारे असेच संकेत असावेत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.